ओवाळणीत मिळालेली लॉरी

तारवाला दारात उभा राहिला तेव्हा मी आधी दोर शोधायला घेतला. माझ्या थोरल्या भावाने, नानाने, आजवर मला जेवढ्या तारा केल्या त्या सगळ्या त्याच्या लॉरीच्या होत्या. ‘गाडी पारोळ्यात बंद. दोर पाठव.’ ‘गाडी एरंडोलला. दोर आणि बैल पाठव.’ एकदा तर नुसतंच ‘बैल’. धुळ्याला आमच्या घरी जाड दोराचं एक वेटोळं त्यासाठी खुंटीला कायम टांगलेलं असायचं. ते खांद्यावर टाकून मी तार फोडली, तर तीत दोराचा उल्लेखच नव्हता... नाना गेला होता.

त्याला आता दीडेक महिना झाला. भेटायला येणारे अजून आवाज खाली आणून विचारतात, “गाडीखाली गेले म्हणे?” एका अर्थी ते खरं आहे. रोज दुपारी जेवण झालं की नाना आमच्या माहेरच्या गावी, असोद्याला, घरासमोर उभ्या असलेल्या लॉरीखाली गोणपाट टाकून आडवा व्हायचा. झोपला असं कुणी म्हणू नये म्हणून हातात पाना धरायचा. त्या दिवशीही तो तसाच गेला आणि झोपेत त्याचं हृदय थांबलं. पाय बाहेर दिसत होते, पण ते रोजच दिसायचे, त्यामुळे चहा निवेपर्यंत कुणाला वेगळं काही वाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झालेला नाही. जागा निवडायला सांगितली असती तर नानाने हीच निवडली असती. फक्त आधी ब्रेकचं काम उरकून घेतो म्हणाला असता.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लढाई संपली होती आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या. आमची केळीची बाग, थोडा कापूस. केळीचे घड जळगावच्या स्टेशनवर बैलगाडीने जायचे. एक बैल म्हातारा झाला होता, म्हणून नाना नवी जोडी आणायला बाजाराला गेला, तो बाजारात न थांबता पुढे लिलावालाच पोचला. चौथ्या दिवशी गावात गलका झाला. मी तेव्हा माहेरी होते. बाहेर येऊन पाहते तर नाना एका चिखलाच्या रंगाच्या प्रचंड लॉरीत ताठ बसलेला, आणि लॉरीला पुढे भाड्याच्या दोन बैलजोड्या जुंपलेल्या. वहिनी नव्या बैलांसाठी भाकरतुकडा आणि पाणी घेऊन ओवाळायला दारात आलीच होती. तिने लॉरीकडे पाहिलं, नानाकडे पाहिलं आणि म्हणाली, “बैल चांगले हायेत.”

त्याच संध्याकाळी तिने सांगून टाकलं की या घरात एक तर ही राहील नाही तर मी. नाना म्हणाला, “एवढा केळीचा हंगाम होऊ दे, मंग विकतो.” त्यानंतर हंगामामागून हंगाम झाले. लॉरी कधी जाणार, हा एकच प्रश्न आमच्या माहेरी बारा वर्षं चालला. बाकीचे प्रश्न आले आणि मिटले.

नानाला यंत्राचं ज्ञान होतं ते विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनापुरतं. तेवढ्या भांडवलावर त्याने लॉरी पूर्ण उघडली. ओसरीवर चटया अंथरून तिचे सगळे भाग पापडासारखे ओळीने वाळत घातले, आणि वहिनीचे खरे पापड शेजारच्या घरी गेले. वर्षभर हे चाललं. दर वेळी सगळं पुन्हा जोडून झालं की एखादा तुकडा उरायचा. नाना तो हातात फिरवून पाहायचा आणि म्हणायचा, “कंपनी जास्तीचंच देते. लढाईची गाडी ना.” असे उरलेले तुकडे एका घमेल्यात साठत गेले, आणि नवल म्हणजे एक दिवस लॉरी सुरू झाली. असोद्यातली सगळी कुत्री त्या दिवशी गाव सोडून शेतात गेली.

ही लॉरी परदेशी बनावटीची, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. पुढची बैलगाडी ओलांडायची तर समोरून कोण येतंय हे चालवणाऱ्याला दिसत नसे. म्हणून उजवीकडे एक विश्वासू माणूस बसवावा लागे. वहिनीने त्या जागेवर बसायला पहिल्याच दिवशी नकार दिला होता. मुलगा प्रभाकर भित्रा होता, तो डोळे मिटून “जा, जा” म्हणायचा. तेव्हा मी माहेरी असले की ती जागा माझी. पदर खोचून, मान बाहेर काढून मी ओरडायची, “थांब... थांब... आता घे!” माझे यजमान धुळ्याच्या कोर्टात कारकून, त्यांनी हे दृश्य एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं.

व्यवहाराने पाहिलं तर लॉरीचा काही उपयोग झाला नाही. बागेत घड हिरवेगार भरले जायचे आणि स्टेशनवर पिवळे होऊन उतरायचे. वाटेत बैलगाडीवाले मागून येऊन पुढे जायचे, जाताना हटकून विचारायचे, “नाना, ठेसनवर काही सांगनं हाये का?” नाना हसून म्हणायचा, “सांग, येऊ राह्यलो म्हना.” पुढे गिअरची चाकं झिजून रडका आवाज करू लागली, तेव्हा नानाला कुणीतरी सांगितलं की आत मऊ काहीतरी भरलं की आवाज बसतो. केळीच्या मुलखातल्या माणसाला मऊ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पिकलेल्या बसराई केळ्यांची अख्खी फणी आत गेली. आवाज खरोखर बसला. पण धुळ्याला येईपर्यंत आतली केळी शिजली, आणि आमच्या गल्लीत लॉरी शिरली ती शिऱ्याचा वास घेऊन. मागे मुलांची रांग, त्यामागे दोन शेळ्या. शेजारणीने दुसऱ्या दिवशी विचारलं, “काल काय होतं हो तुमच्याकडे?”

मी एकदा त्याला स्पष्ट विचारलं होतं. त्याचं डोकं बॉनेटमध्ये होतं आणि मी कंदील धरला होता. म्हटलं, “नाना, खरं सांग, यात तुला काय मिळतं? नवी गाडी घ्यायची ऐपत नाही हे कबूल. पण बैल तरी बरे.” त्याने एक नट घट्ट केला. मग आतूनच म्हणाला, “गोदे, केळीवर रोग पडला तर काहून पडला हे कोनाले विचारू? पाऊस नही आला तर कोनाच्या दारात जाऊ? ही थांबली का मी हिले विचारू शकतो. शोधलं का सापडते. सापडलं का नीट होते. आपल्या जन्मात असं दुसरं काय हाये, सांग बरं.” तेवढ्यात त्याने हात झटकला, कंदील पडला आणि विषय संपला.

लॉरी खरोखर जायची वेळ आली ती प्रभाकरच्या लग्नात. मुलगी सोनगीरची. तिच्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. मानी आणि तापट माणूस. लग्न गोरज मुहूर्तावर होतं, वैशाखाचं ऊन होतं, आणि वऱ्हाड कशातून न्यायचं हे नानाने कुणालाच विचारलं नाही. आम्ही सगळे लॉरीत बसलो. मागे पाहुणे, पुढे मुंडावळ्या बांधलेला प्रभाकर, आणि उजवीकडे मी. माझ्या मांडीवर उष्ट्या हळदीची वाटी होती. नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे न्यायची आणि तिला तीच लावायची, ही रीत. आत्या म्हणून ती वाटी सांभाळण्याचा मान माझा.

पारोळं सोडलं आणि पुढून वाफ आली. रेडिएटरला चीर गेली होती. पाणी घातलं तेवढं खाली. ड्रायव्हर लोकांचा यावर एक जुना उपाय आहे: पाण्यात हळद टाकायची, ती चिरेत जाऊन बसते. नानाला तो ठाऊक होता. नवरीच्या ओटीसाठी नेलेली हळकुंडं त्याने दगडावर कुटून आत टाकली. चीर थोडी भरली, पूर्ण नाही. मग तो माझ्या मांडीकडे पाहू लागला. मी म्हटलं, “नाना, विचारसुद्धा करू नकोस.” तो म्हणाला, “नही, नही. तू जा, जरा पानी पाह्य कुठे भेटते का.” मी वाटी बैठकीवर ठेवली आणि चार बायकांना घेऊन विहिरीवर गेले. घागरी भरून परतले तर वाटी जागेवर होती. स्वच्छ धुतलेली.

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना शांतपणे म्हणाला, “गोदे, गाडी पोचली तर लगीन. लगीन लागलं तर हयद. आता क्रम तूच लाव.” आणि लॉरी सुरू झाली. पाण्याचा एक थेंबही गळत नव्हता, हे मला कबूल करावं लागतं.

सोनगीरच्या वेशीवर सीमांतपूजनाला सगळं गाव उभं होतं. लॉरी थांबली आणि तिच्या तोंडातून पिवळी वाफ निघाली. वाजंत्री आपोआप थांबली. नवरीची आजी पुढे आली आणि हात पसरून तिकडच्या अहिराणीत म्हणाली, “उष्टी हयद कोठे शे?” मी नानाकडे पाहिलं. नानाने लॉरीकडे पाहिलं. मग त्याने मानपानाच्या ताटातला तांब्या उचलला, रेडिएटरखालची तोटी उघडून तो वाफाळत्या पिवळ्या पाण्याने भरला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, आजीपुढे धरला. “सारी हिच्यात हाये, आजी. जरा गार होऊ द्या.”

आजी चिडली नाही. तिने हिशेब मांडला, आणि तेच जास्त वाईट झालं. “म्हणजे नवरदेवनी हयद पहिले हाई गाडीले लागनी?” नाना खरं बोलणारा माणूस. “लागली,” म्हणाला. “मंग हाई व्हयनी पहिली,” आजी म्हणाली, “मन्ही नात दुसरी.” मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळी वेस हसली. आबांचं तोंड लाल झालं. “बठ्ठं गाव हासी ऱ्हायनं! मी मन्ही पोर सवतवर देऊ का? हाई गाडी तुम्हना घरमा ऱ्हायनी ते लगीन नई!”

हळदीचं मी तिथल्या तिथे मिटवलं. म्हटलं, नवरदेव इथे आहे, हळद तुमच्या घरात आहे, पुन्हा लावा आणि उष्टी करून घ्या. कोट काढून प्रभाकरला भर वेशीत दुसऱ्यांदा हळद लागली. पण सवतीचं काय? आबा हटेनात. सूर्य खाली चालला होता. नाना बॉनेटवर हात ठेवून उभा होता आणि एकदा मुलाकडे, एकदा लॉरीकडे पाहत होता. एवढा वेळ त्याला लागायला नको होता, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. शेवटी लॉरीच्या मागून वहिनी कडाडली, “इचार कशाचा करू राह्यले? पोरगा हाये तो तुमचा!” तेव्हा नाना म्हणाला, “आबा, आजपासून ही माझ्या घरची नही. शब्द देतो.” लग्न लागलं. पंगतीत नानाने लाडवाला हात लावला नाही. वहिनीने स्वतःचा खाल्ला आणि त्याचाही.

शब्द म्हणजे शब्द. लॉरी गावाबाहेर एका शेजाऱ्याच्या खळ्यावर ताडपत्रीखाली गेली आणि नाना गिऱ्हाईक पाहू लागला. गिऱ्हाइकं येत, पण कुणी तिला समजून घेईल असं त्याला वाटेना. मधल्या काळात घरात बसून काय करायचं, म्हणून त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं. मग शिवणयंत्र. मग वहिनीचा स्टोव्ह. प्रत्येकातून एकेक तुकडा उरला. दसऱ्यापर्यंत वहिनीच टेकीला आली. मला म्हणाली, “अक्का, घरात टाइम कळत नही, शिवनं बंद, आता चुलीवर आली मी. त्याईले म्हना, जरा खळ्यावर जाऊन या.”

त्या दिवाळीत भाऊबीजेला नाना एस.टी.ने आला. एस.टी.ने! मी पाट मांडला, ओवाळलं, तबक पुढे केलं. त्याने पिशवीतून इंजिन फिरवायचं लांबलचक लोखंडी हँडल काढलं आणि तबकात ठेवलं. तबक कललं, सुपारी घरंगळत कपाटाखाली गेली.

“हे काय?”

“ओवाळनी. लॉरी तुझी झाली.”

“नाना, मला नको.”

“भाऊबीजेले नको म्हनते का कुनी? भाऊ हाये मी तुझा.”

मी यजमानांकडे पाहिलं. कोर्टातला माणूस, काही वाट काढेल म्हणून. त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता सांगितलं, “बक्षीस कायद्याने नाकारता येतं. ओवाळणीला कायदा नाही.” जेवताना नाना म्हणाला, “तुले इथं जागा नही. मी आपली असोद्यातच ठेवतो. तुझी म्हनून.” पुढच्या खेपेला मी माहेरी गेले तर लॉरी दारात उभी, आणि तिच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: मालकीण सौ. गोदावरीबाई, धुळे. त्यानंतर नाना तिचा फक्त ड्रायव्हर होता. टायर बदलायचा तरी माझी परवानगी मागायचा, आणि मी नाही म्हटलं तरी बदलायचा.

आबांना हे कळलं तेव्हा ते जाब विचारायला असोद्याला आले. दारावरचं नाव वाचलं. लॉरीभोवती दोन फेऱ्या घातल्या. “बहीणनी गाडी शे, मंग आपले काय,” असं स्वतःशीच म्हणाले, आणि जरा वेळाने, “जराखं इंजिन दखाडा.” संध्याकाळी सूनबाईने वडील आणि सासरे यांना एकाच चटईवर जेवायला वाढलं, चारही हात कोपरापर्यंत काळे होते. पुढे दर उन्हाळ्यात आबा आठ दिवस लेकीला भेटायला म्हणून यायचे. लेक म्हणते, तिच्याशी त्यांचं बोलणं जेवताना व्हायचं.

तेराव्याला लॉरीचा प्रश्न पुन्हा निघाला. प्रभाकरचं म्हणणं, भंगारवाल्याला द्यावी, तो तोडून लोखंड नेईल. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मालकीण मी. वहिनी म्हणाली, “तुमची गाडी हाये अक्का, तुम्ही पाहा. माले त्यातलं काही कळत नही.” मी भावनेच्या भरात निर्णय घेणारी बाई नाही. भंगारवाल्याला बोलावणं पाठवलंही होतं. त्याच्या आदल्या दिवशी फैजपूरहून एक केळीवाला शेतकरी बायकोसह आला. लॉरी विकायची आहे असं त्याने कुठेसं ऐकलं होतं.

मी त्याला सगळं खरं सांगितलं. चढावर तापते. गिअर रडतो. ब्रेक वेळेवर लागतीलच असं नाही. केळी न्यायची तर पिकलेलीच भरा. माणसाने पळून जावं म्हणून मी सांगत होते, पण जसजशी सांगत गेले तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला. किमतीचं त्याने विचारलंच नाही. “तापते म्हणजे कुठून तापते?” एवढंच विचारलं आणि कोऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर सारून डोकं आत घातलं. आतून तो तिच्याशी बोलू लागला, “असं हाये का... असं हाये काय...” भंगारवाल्याला निरोप धाडून मी सांगितलं, येऊ नकोस.

त्याची बायको तिकडे गोठ्याजवळ उभी होती. हातात पिशवी, अंगावर ठेवणीतलं पातळ. बिचारी दागिने पाहायला निघाल्यासारखी नटून आली होती. तिने मला हळूच विचारलं, “अक्का, हे घेतीन का हो?” मी उत्तर द्यायच्या आत वहिनी घरातून आली. तिचा हात धरला, ओसरीवर नेऊन बसवलं, समोर चहा ठेवला. मग इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून न ऐकलेलं असं लांबलचक बोलणं ऐकलं.

“घेतीन. आता ऐक. पाच मिनिटं म्हनले तं संध्याकाय समज. साबन अलग ठेव. नवी चादर कपाटाच्या बाहेर काढायची नही, पुसायले नेतात. रागावून माहेरी जायचं नही, त्याईच्या ध्यानात येत नही, आपलाच येळ जातो. आनि काय झालं म्हनून इचारायचं तं मुळीच नही. सांगत बसतात.”

ती बाई एकेका वाक्याला मान हलवत होती, परीक्षेला बसल्यासारखी. तिकडे नवऱ्याचं ठरलं होतं. ओवाळणीत आलेल्या वस्तूची जास्त किंमत घेणं मला बरं वाटेना, म्हणून जे जमलं त्यात सौदा केला. वहिनीने बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला. दोन-तीन झटक्यांनंतर इंजिन लागलं आणि कुत्री शेताकडे गेली. नवरा डावीकडे चढला, बायको उजवीकडे बसली, आणि पदर खोचावा की नाही याचा विचार करत राहिली. मी तिला खूण केली, खोच.

लॉरी हलली तेव्हा वहिनी एकदम पायऱ्या उतरून तिच्या बाजूने चालू लागली. पळालीच म्हणा. खिडकीच्या चौकटीला हात लावून वर तोंड करून ओरडली, “कधीमधी इचारत जा गं... काय झालं म्हनून. मी नही इचारलं.”

गिअरचा रडका आवाज इतका होता की तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती बाई मान बाहेर काढून समोरची बैलगाडी पाहत होती.